गाडीच्या तोंडावर वाळ्याची ताटी

आमच्या घरात उन्हाळ्याला नावं ठेवायची चोरी होती. सगळं शहर उन्हाच्या नावानं बोटं मोडायचं आणि आमच्याकडे ऊन चढलं की आण्णांचा चेहरा खुलायचा, कारण ऊन तापेल तेवढं आमचं दुकान चालायचं. गुलमंडीच्या मागच्या बोळात पत्र्याचे कूलर बनवायचं आणि वाळ्याच्या ताट्या बांधून द्यायचं आमचं दुकान होतं, आणि दुकानाच्या माथ्यावरच आमचं घर. होळी झाली की घराला आवाज चढायचा. खाली पत्रा ठोकल्याचा ठणठणाट, पंख्याची पाती तपासताना होणारी घरघर, गिऱ्हाइकांची घासाघीस, आणि वर आई त्याच आवाजात कुरडया घालायची, पापड लाटायची. कुणाला जेवायला हाक मारायची तर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ताटावर पळी वाजवायची, कारण नुसता आवाज खाली पोचायचाच नाही. ओल्या वाळ्याचा वास भाताला लागायचा, उशांना लागायचा, आमच्या केसांना लागायचा. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, शालूच्या शेजारी बसलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. मला त्याचा राग यायचा. आज कुठं वाळ्याची जुडी दिसली तर मी ती नाकाशी धरते आणि दुकानदार माझ्याकडे बघत राहतो.

आण्णा म्हणजे माझे वडील. गारवा हा विषय निघाला की त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही, अशी बोळातली रीत होती. कुणाच्याही खोलीत पाऊल टाकलं की ते भिंतीला तळहात लावून बघायचे, खिडकी कुठल्या अंगाला आहे ते बघायचे आणि सांगायचे, इथं ताटी लावा, तिथं भोक पाडा. आणि ते बरोबर निघायचं. सगळी अडचण तिथंच होती. जन्मभर बरोबर निघालेल्या माणसाला चुकतोस म्हणून सांगणार कोण? आण्णांनी आम्हा बहिणींवर कधी हात उगारला नाही, पण त्यांचं एक वाक्य होतं. कुणी काही सुचवलं की ते हातातलं काम थांबवायचे, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि शांतपणे म्हणायचे, "तू मला शिकवतीस व्हय?" मग चार-चार दिवस त्या माणसाशी बोलणं बंद. ताट पुढं आलं तर जेवायचे, पाणी दिलं तर प्यायचे, पण माणूस तिथं नाहीच असं वागायचे. आई त्याला 'आण्णांचा उपास' म्हणायची आणि हसायची. मला हसू यायचं नाही. तो चष्मा नाकावरून उतरताना दिसला की मी हातातलं टाकून जिना चढायची.

मोठी बहीण विमलताई पिशोरला दिली होती. आदल्या उन्हाळ्यात ती सातव्या महिन्यात आमच्याकडे यायला निघाली आणि तिची बस ऐन दुपारी रस्त्यात बंद पडली. दोन तास ती सडकेच्या कडेला, बाभळीच्या चिमूटभर सावलीत बसून होती. घरी आली तेव्हा तिचे ओठ फुटलेले होते. तिसऱ्या दिवशी तिनं आईला सांगितलं की पोटातलं हलत नाही. त्यापुढचं मी लिहीत नाही. कशानं झालं हे डॉक्टरीणबाईंनी नक्की सांगितलं नाही, म्हणाल्या कारणं पुष्कळ असतात. आण्णांनी मात्र तिथंच, दवाखान्याच्या ओट्यावर सांगून टाकलं, "उन्हानं नेलं." ज्या उन्हावर आमचं घर चालायचं त्या उन्हाला आण्णांनी शिवी दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

आणि वर्षाच्या आत ताईला पुन्हा दिवस राहिले, पुन्हा उन्हाळ्यातच सातवा लागला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या खेपेला हिला उन्हाची झळ लागू देऊ नका, आणि शेवटचे दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर राहू द्या. म्हणजे पिशोरहून तिला शहरात आणायला तर हवं, आणि ऊन तर लागायला नको. घरात दिवसभर हाच विषय असायचा, पण उघड कुणी बोलायचं नाही. आई भाजी निवडता निवडता थांबायची आणि देवाकडे बघायची. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की मी आभाळ बघत पडायची आणि मनात एकच यायचं, पुन्हा तसं झालं तर? आण्णांनी काय करावं? त्यांनी एक दिवस गाडीच आणून दारात उभी केली. जुनी होती, पांढरी होती, पण एसीवाली होती. बोळात तोवर एसीची गाडी कुणी आणली नव्हती. पोरांनी काचेला नाकं लावून आत बघितलं. आण्णा म्हणाले, "माझ्या लेकीला मी गारव्यात आनीन. बघू ऊन काय करतं ते."

पण ती गाडी लवकर गार होईना. दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी म्हणजे पेटवून ठेवलेली भट्टी. आण्णा आत बसायचे, काचा गच्च लावायचे, एसी पूर्ण सोडायचे आणि घामानं निथळत वाट बघायचे. गावाबाहेर पडेपर्यंत तोंडावर कोमट वारा. मग रज्जाकभाईंना बोलावलं. रज्जाकभाई गाड्यांच्या एसीचं काम करायचे, उंच, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी बॉनेट उघडून अर्धा तास कान लावला, गॅस भरला, आणि म्हणाले, "मशीन ठीक आहे आण्णा. तुम्ही वापरता उलटं." मग त्यांनी आपल्या मराठी-दखनी मिसळीत समजावलं. गाडी उन्हात उभी होती ना, मग पैले अंदर की गरम हवा बाहेर काढा. चारी काचा खाली, दोन मिनिटं तशीच पळवा, गाडी अंदर का गुस्सा फेकून देते. बाद में काचा वर घ्या. हा खटका बाहेरच्या हवेवर आहे, तो आतल्या हवेवर करा, म्हणजे गार झालेलीच हवा पुन्हा गार होते. और क्या?

आण्णांनी चष्मा काढला. ते वाक्य रज्जाकभाईंना म्हणाले नाहीत, परक्या माणसाला म्हणत नसत. पण रज्जाकभाई गेल्यावर आईला म्हणाले, "बाहेर लू चाललीय अन् हा म्हणतो काचा उघडा. गारव्यातलं काय कळतं याला? वाळ्याच्या खोलीचं दार कुनी उघडं टाकतं का?"

आता माझा मुलगा घरातून फोनवरनंच गाडीचा एसी चालू करतो आणि मग खाली उतरतो. तरी मी दार उघडल्याबरोबर चारी काचा खाली करते. सून म्हणते, आई, ही गाडी नवी आहे, हिला याची गरज नाही. असेल. मी काचा खाली करतेच.

दोन दिवसांनी आण्णांना युक्ती सुचली. एसीला जी हवा समोरून लागते तीच मुळात गार करून दिली तर? गाडीच्या तोंडाला, दिव्यांच्या मधे जी जाळी असते तिच्या मापाची वाळ्याची ताटी त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली. बांबूच्या कामट्या, दोन बोटं जाड वाळा, सुतळीचे घट्ट टाके. ती जाळीवर आवळून बांधली, वर कॅनभर पाणी ओतलं आणि बोळातून एक चक्कर मारली. खरं सांगते, गार झाली! आण्णा उतरले ते नवरदेवासारखे. बोळातल्या लोकांनी वाहवा केली. कूलरवाल्यानं एसीलाही कूलर लावला, असं म्हणून सगळे हसले, आणि त्या हसण्यात कौतुकच होतं.

त्या संध्याकाळी आण्णा देवळात गेले असताना रज्जाकभाई दुकानावरून चालले होते. ताटी बघून थबकले. मी ओट्यावर उभी होते. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, ये जाली बंद नक्को करो बोल आण्णाला. इंजिन इथूनच सास घेतं. सीधे रस्त्यावर चालंल. चढावपर मरेगी." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना त्यांना." रज्जाकभाई हसले. "बाप लेकीचं ऐकतो, बेटा. तू बोल." आणि गेले. माझ्या बापाला ते ओळखत नव्हते असंच मला वाटलं.

मी तीनदा प्रयत्न केला. एकदा आण्णा जेवायला बसले असताना, घास तोंडात होता, मी "आण्णा" म्हटलं आणि त्यांनी वर बघितलं, तर मी म्हटलं, "चटणी वाढू का?" एकदा ते सुतळी वळत होते तेव्हा. एकदा निघायच्या दिवशी पहाटे, ते ताटीवर पाणी ओतत होते तेव्हा. तिन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोलून निघून आले. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, कॉलेजात वादविवादाला उभी राहायची, बक्षिसं आणायची. घरात मात्र माझ्या तोंडाला कुलूप होतं. मनाची समजूत घातली की आण्णांचं नेहमी बरोबर निघतं, आताही निघेल.

पहाटे निघून ऊन चढायच्या आत परत यायचं असं ठरलं होतं. आई घरीच थांबली, ताईच्या सोबतीला म्हणून मी गेले. पिशोरला पोचलो तेव्हा चांगलं गार होतं, पण ताईच्या सासूबाईंनी पदर खोचलेला होता. पोटुशी सून माहेरी निघालीय आणि आमरसाचं जेवण न करता कशी पाठवायची? आंबे पिळायचे होते, कुरडया तळायच्या होत्या, ओटी भरायची होती, ओटीला शेजारच्या बायका यायच्या होत्या. मी आण्णांकडे बघत होते. मुलीच्या बापाला व्याह्यांच्या घरात घड्याळ बघता येत नाही. आण्णा ओसरीवर बसून "व्हय, व्हय, सावकाश होऊ द्या," म्हणत राहिले. मला वाटतं, ताटी नसती तर ते उठले असते. ताटीच्या भरवशावर ते रसाची दुसरी वाटीही जेवले. सासूबाईंनी निघताना ताईच्या पिशवीत लोखंडाचा अडकित्ता ठेवला. पोटुशी बाई वेशीबाहेर निघाली की तिच्याजवळ लोखंड असावं, बाहेरचं काही लागू नये म्हणून. अंगणात आलो तेव्हा पायरीचा दगड चपलेतून भाजत होता.

आण्णांनी काचा लावून घेतल्या आणि एसी सोडला. सुरुवातीला आत श्वास घेववेना, ताईनं पदर तोंडावर धरला. मग सरळ रस्ता लागला, गाडीनं वेग घेतला आणि हळूहळू गार वारा यायला लागला. त्यात वाळ्याचा वास होता. ताई म्हणाली, "दुकानात आल्यासारखं वाटतंय गं." ती डोकं मागं टेकून झोपली. आण्णांनी आरशातून तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बघ. म्हनलं नव्हतं?" मी जोरात मान हलवली. मला एवढं हलकं वाटलं! बरं झालं बोलले नाही, असं वाटलं. दर थोड्या वेळानं आण्णा गाडी थांबवायचे, उतरून कॅनमधलं पाणी ताटीवर ओतायचे आणि हात झटकत परत यायचे. वेरूळला कॅन संपला.

वेरूळ मागं पडलं की खुलताबादचा चढ लागतो. एरवी तो चढ गमतीचा वाटायचा. दुसऱ्या वळणावर तोंडावरचा वारा कोमट झाला. तिसऱ्या वळणावर गरम झाला. आण्णांच्या समोरची, इंजिन किती तापलं ते दाखवणारी सुई मी बघत होते. ती मधल्या खुणेच्या वर गेली होती आणि जरा जरा करत लाल पट्ट्याकडे सरकत होती. चढावपर मरेगी. माझ्या कानात रज्जाकभाईंचा आवाज इतका स्पष्ट आला की मी मागं वळून बघितलं. ताई जागी झाली होती. तिचा चेहरा तांबडा दिसत होता.

"ताटी सुकली," आण्णा म्हणाले. त्यांनी गाडी कडेला घेतली, कॅन हलवून बघितला, आणि मग माझ्या पायाशी होती ती प्यायच्या पाण्याची पिशवी उचलली. मी म्हटलं, "आण्णा, ते प्यायचं..." "पाच मिनटात वर पोचतो," ते म्हणाले आणि सगळी पिशवी त्यांनी ताटीवर रिकामी केली. पाणी खाली सडकेवर सांडलं आणि बघता बघता वाळून गेलं. गाडी पुन्हा निघाली. एक वळण गेली, दुसऱ्या वळणावर बॉनेटखालून पांढरी वाफ आली, गाडीनं दोन गचके दिले आणि ती बंद पडली.

त्या भीतीची चव मला अजून आठवते, तोंडात नाणं धरल्यासारखी. चहूकडे तापलेले दगड, सावलीला एक झाड नाही, वरून जाणारे ट्रक हॉर्न वाजवत निघून चाललेले. आण्णा उतरताना म्हणाले, "काचा उघडू नका, बाहेर लू हाय." मी मागं वळून ताईचा हात धरला. तो कोरडा होता. मघापर्यंत ती घामानं भिजलेली होती आणि आता तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता; कातडी नुसती तापलेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण घाम थांबला हे काही बरं नाही एवढं कळलं. ती म्हणाली, "शालू, मला कसंतरीच व्हायलंय." मग म्हणाली, "मागच्यासारखंच." आणि डोळे मिटले.

मी तिच्याकडची आणि माझ्याकडची काच खाली केली, तिच्या पिशवीतून अडकित्ता काढला आणि खाली उतरले. आण्णा बॉनेट उघडून वाफेत बघत उभे होते. मी सरळ गाडीपुढं गुडघ्यावर बसले. सडक इतकी तापली होती की गुडघे भाजले. सुतळी आण्णांच्या हातची, ओली होऊन आवळलेली; अडकित्त्याच्या दाढेत ती धरायची, दाबायची, पुन्हा सरकवायची.

"काय करतीस?" आण्णा ओरडले. "हात लावू नको ताटीला!"

मी पहिली गाठ कापली.

"शालू! त्याच्यानंच तर जीव हाय गाडीत! तू मला शिकवतीस व्हय?"

ते वाक्य आलं. ओल्या सुतळीवरून अडकित्ता निसटून बोटावर बसला. मी रडत होते, घाबरले होते, आण्णांना घाबरले होते, उन्हाला घाबरले होते, आणि मागं ताई गप्प होती त्याला सगळ्यांत जास्त घाबरले होते. मी दुसरी गाठ कापली. मग तिसरी, चौथी. ताटी सुटून माझ्या मांडीवर पडली. आतून अशी धग आली की मी मागं सरकले. वाळ्याच्या काड्या, चाळीस मैलांची धूळ आणि आम्ही ओतलेलं पाणी यांचं मिळून जाळीवर चिखलाचं लिंपण झालं होतं, चुलीला पोतेरं द्यावं तसं. त्यातून मुंगीसुद्धा आत गेली नसती. आण्णा वाकून ते बघत राहिले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"ओ भाऊ! पोटुशी बाईला धूप में कायकू बसवून ठेवलं?" वरच्या अंगानं आवाज आला. सडकेपासून वीसेक पावलांवर, वळणाच्या कडेआड, खालून न दिसणाऱ्या सीताफळीच्या बागेत दगडी घर होतं आणि त्याच्या दारातून एक म्हातारी बाई ओढणी सावरत भराभर उतरत होती. ती आली आणि कुणाला काही न विचारता तिनं गाडीचं दार उघडून ताईच्या काखेत हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं धरलं. तिचं नाव हाजराबी होतं, हे आम्हाला पुढं कळलं. तिनं ताईला घरात नेऊन जमिनीवर निजवलं, ओढणी ओली करून डोक्यावर आणि मानेवर ठेवली, पाय पाण्यानं पुसले. "एकदम नक्को पी. घोट घोट," म्हणाली. त्या खोलीत अंधार होता, गार होतं, आणि कुठंतरी लिंबाच्या लोणच्याचा वास येत होता. थोड्या वेळानं ताईच्या कपाळावर घाम फुटला. हाजराबी म्हणाली, "अल्ला का शुकर." मग तिनं ताईच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "बच्चा हिलतंय का?"

ताईनं स्वतःचा हात हाजराबीच्या हाताशेजारी ठेवला. म्हणाली, "सकाळी हलत होतं."

मी बाहेर आले, हाजराबीकडून पाण्याची घागर घेतली आणि काडीनं उकरून, फडक्यानं पुसून ती जाळी मोकळी केली. आण्णा दगडावर बसून होते. इंजिन निवल्यावर त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी घातलं, किल्ली फिरवली, आणि गाडी चालू झाली. हाजराबीनं ताईला आणून बसवलं, तिच्या मांडीवर ओला रुमाल ठेवला. तासभर उन्हात उभी राहिलेली गाडी आत नुसती फणफणत होती. आण्णांचा हात सवयीनं काच वर घ्यायला गेला.

"आण्णा, काचा खालीच राहू द्या," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "आधी आतली गरम हवा जाऊ द्या. दोन मिनिटं तशीच पळवा."

त्यांनी हात मागं घेतला. चारी काचा खाली, गाडी निघाली. बाहेरची झळ तोंडावर आली, ताईनं रुमाल डोळ्यांवर दाबला, आणि मी मनात आकडे मोजत होते. शंभरापर्यंत मोजलं. मग म्हटलं, "आता लावा." काचा वर गेल्या. रज्जाकभाईंनी दाखवलेला तो खटका मी स्वतः आतल्या हवेवर सरकवला. खुलताबादच्या वेशीपर्यंत यायच्या आत गाडी गार झाली, इतकी की माझ्या हातांवर काटा आला.

त्या गारव्यात मला जी भीती वाटली तशी उन्हातही वाटली नव्हती. आता लढायला काही उरलं नव्हतं. ऊन बाहेर होतं, आत नुसती ताई होती आणि तिचा पोटावर ठेवलेला हात. मी दर थोड्या वेळानं मागं बघायची. ती मान हलवायची, नाही. दौलताबादच्या दरवाजापाशी ट्रक अडकला होता, तिथं आम्ही थांबलो. मी पुन्हा बघितलं, नाही. छावणी आली, नाही. आण्णा आरशात बघतच नव्हते. मी घृष्णेश्वराला नवस बोलले, दर्ग्याला बोलले, आणि मग आठवेल त्या सगळ्यांना.

दवाखान्यात ताईला आत नेलं आणि दार लागलं. मागच्या वर्षीचाच ओटा, मागच्या वर्षीचंच दार. आण्णा ओट्यावर बसले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले. माझ्या बोटाला बांधलेल्या चिंधीतून रक्त आलं होतं. मला कळत होतं की आत काय झालं ते कळायच्या आधी मला बोलायला हवं, कारण नंतर बोलले तर ते खरं राहणार नाही.

"आण्णा, मला माहीत होतं," मी म्हटलं. "रज्जाकभाईंनी मला सांगितलं होतं. जाळी बंद करू नका, चढावर मरेल म्हणून. तुम्हाला सांग म्हणाले होते. मी सांगितलं नाही. मी भ्याले."

त्यांनी चष्मा काढला. मी डोळे मिटून घेतले. पण ते वाक्य आलं नाही. डोळे उघडले तर चष्मा त्यांच्या हातात तसाच होता, पुसतही नव्हते.

"तुला एकदा सांगितलं आसंल," आण्णा म्हणाले. "मला दोनदा सांगितलं त्यानं. दुकानात येऊन. हात जोडले व्हते."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझे आण्णा इतके लहान दिसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की भीती जाईल. उलट ती वाढली, कारण आता भ्यायला माझ्यापेक्षा मोठं असं तिथं कुणीच नव्हतं.

दार उघडलं. नर्स म्हणाली, "एक जण आत या." तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी आण्णांकडे बघितलं. घरात देवाला नमस्कारसुद्धा आधी तेच करायचे. ते उठले नाहीत.

"तू जा," ते म्हणाले. "काय आसंल ते तूच येऊन सांग. तू सांगशील ते ऐकतो मी."

मी आत गेले. डॉक्टरीणबाईंनी ताईच्या पोटावर एक छोटं यंत्र धरलं होतं आणि मला खुणेनं गप्प उभं राहायला सांगितलं. आधी नुसती खरखर आली. त्यांनी यंत्र सरकवलं. पुन्हा खरखर. ताई छताकडे बघत होती. त्यांनी आणखी सरकवलं, आणि मग तो आवाज आला, भराभर, एकामागून एक, खोलीभर. डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणत होत्या, चार दिवस इथंच ठेवू वगैरे. ताईनं माझं मनगट पकडलं होतं आणि तिची नखं रुतत होती. मी ते सोडवून बाहेर पळाले.

आण्णा तसेच बसले होते, चष्मा हातात, तोंड दाराकडे.

"ठोके आहेत," मी म्हटलं. "आण्णा, ठोके आहेत. मी ऐकले."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, लहान मूल बघतं तसे.

"परत सांग," आण्णा म्हणाले.